परसबागेसाठी लवकर येणारा बटाटा: जात निवडताना पडणारे प्रश्न

दसरा झाला की परसबाग करणाऱ्यांमध्ये बटाट्याची चौकशी सुरू होते आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "जास्त उत्पन्न कुठल्या जातीला?" घरच्या वाफ्यासाठी हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आपल्या गावात गार रात्री किती मिळतात हे आधी पाहायचं आणि जात त्यावरून ठरवायची. खालची उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्यातल्या परसबागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

लवकर येणारी जात म्हणजे किती दिवसांची?

लावणीपासून ७० ते ९० दिवसांत काढणीला येणारी. ९० ते १०० दिवस घेणाऱ्या जाती मध्यम आणि ११० दिवसांच्या पुढच्या उशिराच्या. हे दिवस लावणीपासून मोजायचे, उगवणीपासून नाही. दुकानदार "साठ दिवसांत बटाटा" म्हणतो तेव्हा त्याला साठाव्या दिवशी निघणारे पातळ सालीचे कोवळे बटाटे म्हणायचे असतात. ते चवीला सुरेख लागतात, पण टिकत नाहीत आणि वजनही कमी भरतं.

लवकरचीच जात का? उशिराची लावली तर काय बिघडतं?

बटाट्याची वाढ तीन टप्प्यांत होते. उगवायला १० ते १५ दिवस लागतात. साधारण ३० ते ३५ दिवसांनी मातीखालच्या पांढऱ्या फुटव्यांच्या टोकांना कंद धरू लागतात. पुढचे ४० ते ४५ दिवस हे कंद पोसण्याचे. रात्रीचं तापमान १७ ते २० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असलं की पानांत तयार झालेलं अन्न कंदात उतरतं. रात्री त्याहून उबदार झाल्या की झाड दिसायला हिरवंगार राहतं, उंच वाढतं आणि जमिनीखाली गोट्याच लागतात. "झाडं कमरेएवढी झाली, पण बटाटे कुठे आहेत?" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. खत कमी पडलं असं समजून लोक युरिया टाकतात आणि पाला आणखी माजतो.

म्हणून कंद पोसण्याचे ते ४०-४५ दिवस आपल्याकडच्या सर्वांत गार रात्रींमध्ये बसवायचे. लवकरच्या जातीचं ते सहज बसतं. ११० दिवसांची जात दिवाळीनंतर लावली तर तिच्या पोसण्याच्या काळाचा शेवट फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये जातो. तेव्हा दुपारी माती तापते आणि रात्रीही पुरेशा निवत नाहीत.

माझ्या गावात मला किती काळ मिळेल?

पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सातारा, सांगली आणि मराठवाड्याचा मोठा भाग यांना हे गणित सोपं जातं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत रात्री पुरेशा गार असतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीचं सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असतं. इथे १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या महिन्यात केव्हाही लावा. विदर्भातही थंडी चांगली पडते, फक्त मार्चचं ऊन लवकर चटका देतं. म्हणून नागपूर-अमरावतीकडे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे जाऊ नये.

खरा पेच किनारपट्टीवर आहे. मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा इथे गार रात्री म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे जेमतेम दोन महिने, आणि त्यातही समुद्राला लागून असलेल्या गावांत रात्री वीस अंशांच्या खाली जातीलच असं नाही. तिथे ऑक्टोबरमध्ये लावणं म्हणजे बेणं वाया घालवणं. नोव्हेंबरच्या १५ ते २५ तारखेच्या दरम्यान लावलं, तर कंद धरायची वेळ बरोबर डिसेंबरअखेरीला येते. कोकणातली, पण घाटाच्या पायथ्याची गावं किनाऱ्यापेक्षा रात्री दोन-तीन अंशांनी गार असतात. तिथल्या लोकांनी हिरमुसायचं कारण नाही.

मग जाती कुठल्या?

भारतातल्या बहुतेक सुधारित जातींच्या नावाआधी 'कुफरी' लागतं. कुफरी हे सिमल्याजवळचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली, १९५६ मध्ये सिमल्याला गेली आणि संकराचं काम कुफरीच्या थंड हवेत होऊ लागलं. परसबागेसाठी यांतल्या सहा जाती लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

कुफरी पुखराज (१९९८) ही आज देशात सर्वाधिक क्षेत्रावर असलेली जात. ७० ते ९० दिवसांत येते. साल पिवळसर पांढरी, आतला गर पिवळा. खतपाणी थोडं कमी पडलं तरी बऱ्यापैकी देते, आणि पहिल्यांदा लावणाऱ्याला हाच गुण सगळ्यात उपयोगी पडतो. करपा या पानं करपवणाऱ्या रोगाचे दोन प्रकार आहेत: लवकर येणाऱ्या करप्याला ती चांगली तोंड देते, उशिरा येणाऱ्या करप्याला काही प्रमाणातच. गरात पाण्याचा अंश जास्त, त्यामुळे पिठूळपणा कमी.

कुफरी चंद्रमुखी (१९६८) ८० ते ९० दिवसांची. लांबट गोल, किंचित चपटी, गुळगुळीत साल, उथळ डोळे, पांढरट गर. सोलायला सोपी आणि चवीत माझ्या मते लवकरच्या जातींत पहिली. दोष एकच, पण मोठा आहे: करप्यापुढे ती टिकत नाही. सतत ढगाळ हवा आणि दव असेल तिथे आठवड्यात वाफा काळा पडू शकतो. कोरड्या थंडीच्या भागात, म्हणजे दुष्काळी पट्ट्यात, ती निर्धास्त लावावी.

कुफरी जवाहर (१९९६) हिचं झाड आटोपशीर असतं, पसरत नाही. लहान वाफ्यात मेथी-कोथिंबिरीच्या शेजारी लावायला याहून सोयीची जात नाही. ८० ते ९० दिवस. उशिराच्या करप्याला मध्यम प्रतिकार आहे.

कुफरी ख्याती (२००८) पुखराजइतकीच लवकर येते आणि उशिराच्या करप्याला तिच्याहून चांगली तोंड देते. दव पडणाऱ्या, नदीकाठच्या किंवा धुक्याच्या जागेसाठी हिचं नाव आधी घ्यावं.

कुफरी लवकर (१९७२) ही दख्खनच्या पठारासाठीच दिलेली जात, गोल, पांढरी आणि थोड्या उष्णतेतही कंद भराभर पोसणारी. तिचं बेणं आता सहज मिळत नाही, पण तिचा वंश पुढे चालू आहे.

तो वंश म्हणजे कुफरी सूर्या (२००६). 'लवकर' आणि एलटी-१ या दोन वाणांच्या संकरातून ती आली. रात्री वीस अंशांच्या आसपास रेंगाळत असतानाही कंद धरणं हा तिचा मुख्य गुण. लांबट बटाटा, पिवळसर गर, ७५ ते ९० दिवस. तुडतुड्यांनी पानांच्या कडा जळण्याचा त्रासही तिला कमी होतो. किनारपट्टीवर आणि घाई करून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच लावू पाहणाऱ्यांनी दुसऱ्या कुठल्या जातीच्या मागे लागण्याआधी हिची चौकशी करावी.

इतकं नको, एकच नाव सांगा.

देशावर पहिल्यांदा लावत असाल तर पुखराज. दुसऱ्या वर्षी अर्ध्या वाफ्यात चंद्रमुखी लावून पाहा, चवीतला फरक स्वतःच्या ताटात कळेल. कोकणात आणि गोव्यात सूर्या.

ज्योती सगळीकडे मिळते. ती लवकरची नाही का?

नाही. कुफरी ज्योती (१९६८) ९० ते १०० दिवसांची मध्यम जात आहे. पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी ती वर्षानुवर्षं लावली, म्हणून बाजारात तिचं नाव घट्ट बसलं. बटाटा चांगलाच आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जागा मोकळी असेल तर देशावर खुशाल लावा. दिवाळीनंतर लावणार असाल तर नको.

चिप्सची जात किंवा तो जांभळ्या सालीचा बटाटा घरी लावता येईल?

लावता येईल, पण लवकरच्या यादीत ते बसत नाहीत. चिप्सोना जाती १०० ते ११० दिवस घेतात. त्यांचा उपयोग कोरडा, पिठूळ आणि कमी साखरेचा गर यासाठी, आणि तो गुण पुरे दिवस भरल्याशिवाय येत नाही. जांभळ्या सालीची कुफरी नीलकंठ मध्यम कालावधीची आहे. साल जांभळी, गर पिवळा. मुलांना दाखवायला चार झाडं लावावीत, सगळा वाफा तिच्यावर खर्च करू नये.

आमच्याकडे बटाटा मुख्यतः वड्यांना आणि उपासाला लागतो. त्यानुसार जात निवडावी का?

अवश्य, आणि हा विचार फार कमी लोक करतात. लवकर येणाऱ्या जातींत घन पदार्थ कमी आणि पाणी जास्त असतं. पुखराज उकडून कुस्करला की सारण ओलसर होतं, वडा तळताना फुटण्याची भीती राहते. तोच पुखराज रश्श्यात फोडी न विरघळता राहतो, काचऱ्यांना छान लागतो, दम आलूसारख्या अख्ख्या बटाट्याच्या भाजीत आकार सोडत नाही. वडे, पॅटिस, पराठ्याचं सारण यांसाठी चंद्रमुखी बरी, आणि तीही पूर्ण दिवस भरू देऊन काढलेली. पुखराजचेच वडे करायचे असतील तर बटाटे सालासकट उकडा, गरम असतानाच सोला आणि वाफ जाऊ द्या.

उपासाचा कीस आणि वाळवणाचे पदार्थ करायचे असतील तर लवकरच्या जातीकडून फार अपेक्षा ठेवू नका. वाळल्यावर वजन फारच उतरतं.

बाजारातला बटाटा कधी कधी गोड लागतो. ती जात टाळावी का?

तो गोडवा जातीपेक्षा शीतगृहाचा असतो. फार कमी तापमानात ठेवलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. तळताना तोच बटाटा लवकर काळपट लाल होतो. वाफ्यातून काढून आठवड्याभरात शिजवलेल्या बटाट्याला हा गोडवा नसतो.

बेणं कुठून आणायचं?

महाराष्ट्रात बटाट्याच्या बेण्याचा मोठा व्यवहार पुणे जिल्ह्यातल्या मंचरला होतो. तिथे पंजाबातून बेणं येतं. बहुतेक व्यापारी पोत्याने विकतात, पण ओळखीच्या शेतकऱ्याकडून पाच किलो मिळवणं अवघड जात नाही. चार-पाच परसबागवाल्यांनी मिळून एक पोतं घेतलं तर सगळ्यात स्वस्त पडतं. घेताना जातीचं नाव विचारा, पोत्यावरची खूणचिठ्ठी पाहा आणि एक बटाटा कापून बघा. पुखराज सांगितलेला आतून पांढरा निघाला तर दुसरीकडे जा. कापल्यावर कडेने तपकिरी वलय दिसलं तर ते पोतं फुकट दिलं तरी घेऊ नका. तो जिवाणूजन्य मर रोग आहे, जमिनीत शिरला की टोमॅटो, वांगी आणि मिरचीलाही धरतो आणि वर्षानुवर्षं जात नाही.

घरात मोड आलेले बटाटे लावले तर?

उगवतील, बटाटेही लागतील. तीन अडचणी आहेत. जात कुठली आणि किती दिवसांची हे माहीत नसल्यामुळे वर सांगितलेलं सगळं गणित करता येत नाही. खाण्याच्या बटाट्यात विषाणू असतील तर झाडाची पानं चुरडतात आणि उत्पन्न निम्म्यावर येतं. शिवाय शीतगृहात काही ठिकाणी मोड रोखण्यासाठी क्लोरप्रोफामची धुरी देतात, असे बटाटे महिनाभर मातीत राहूनही नीट फुटत नाहीत. मुलांना झाड कसं वाढतं हे दाखवायला एखादी कुंडी ठीक आहे.

बेणं कापून लावावं की अख्खं?

मला अख्खं पसंत आहे, कोंबडीच्या अंड्याएवढं, ४० ते ५० ग्रॅमचं. आपल्याकडे ऑक्टोबरची माती उबदार असते आणि कापलेली फोड त्यात सडते. मोठे बटाटे असतील आणि कापावेच लागले तर प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे ठेवा, फोड ३० ग्रॅमपेक्षा लहान करू नका, आणि सावलीत एक-दोन दिवस ठेवून कापलेली बाजू कोरडी होऊ द्या. विळी किंवा सुरी प्रत्येक बटाट्यानंतर पुसून घ्या.

शीतगृहातून आलेलं बेणं थेट मातीत घालू नये. आठ-दहा दिवस घरात, ऊन न लागता उजेड मिळेल अशा जागी, एका थरात पसरून ठेवा. आखूड, जाड, हिरवट कोंब आले की लावा. अंधारात ठेवलेल्या बटाट्याचे लांब पांढरे कोंब हात लागताच मोडतात.

गच्चीवर, ग्रो बॅगमध्ये कुठली जात चालेल?

जवाहर, पुखराज आणि सूर्या. १५ ते १८ इंच रुंदीच्या पिशवीत दोनच बटाटे. अर्धी पिशवी मातीने भरा, झाड वीतभर झालं की उरलेली माती दोन वेळा भर म्हणून घाला. उंचच उंच पिशवीत माती वाढवत नेली की प्रत्येक थरात बटाटे लागतात, असं सांगणारे बरेच भेटतील. लवकरच्या जाती मुख्यतः लावलेल्या बेण्याभोवतीच, एका थरात कंद धरतात, त्यामुळे त्या उंचीचा फायदा होत नाही. भर घालायची ती कंद उघडे पडून हिरवे होऊ नयेत म्हणून. गच्चीवर पिशवीची बाजू तापते, तिला गोणपाट गुंडाळा. एका पिशवीतून अर्धा ते एक किलो मिळाला तर समाधान मानावं.

आमची जमीन काळी, चिकट आहे.

लवकरची जात अशा जमिनीत त्यातल्या त्यात बरी ठरते, कारण कंद कमी दिवस मातीत राहतात. पण सपाट वाफ्यात लावू नका. वीतभर उंच वरंबे करा, त्यांत चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा आणि पाणी सरीतून द्या. दोन वरंब्यांत ४५ ते ६० सेंटीमीटर, दोन बटाट्यांत २० सेंटीमीटर. ताजं शेण घालू नका, सालीवर खवडे येतात. पाण्यात मोठे खाडे पडले तर काळ्या मातीला भेगा जातात आणि बटाटेही तडकतात. ऊस असलेल्या भागात पाचटाचं आच्छादन हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पावसाळ्यात लावता येतो का?

पश्चिम घाटालगतच्या उंच पठारांवर येतो. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार खरीप बटाट्यासाठीच ओळखलं जातं, खटाव तालुक्यातही तो होतो. तिथे जून-जुलैत लावणी होते, कारण पावसाळी ढगांमुळे हवा गार राहते. तुमची परसबाग अशा उंचीवर असेल तर ख्याती किंवा जवाहर, तीही उतारावर आणि पाणी साचणार नाही अशी. बाकी ठिकाणी पावसाळ्यात बटाट्याच्या वाटेला जाऊ नये. बेणं सडतं.

करपा आला तर काय करायचं?

उशिराचा करपा गार, ढगाळ, दमट हवेत दोन-तीन दिवसांत पसरतो. पानांच्या कडेला पाणी भरल्यासारखे डाग पडतात, ते काळे होतात आणि पहाटे पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते. चार पानांवर दिसलं की ती तोडून लांब नेऊन जाळा, पाणी पानांवर पडू देऊ नका. लावणीला ६५-७० दिवस झाले असतील तर सगळा पाला कापून टाका आणि दहा दिवसांनी बटाटे काढा. लवकरच्या जातीचा हा मोठा आधार आहे: रोगाच्या आधी पीक हाताशी आलेलं असतं.

पुढच्या वर्षासाठी घरचंच बेणं राखावं का?

एखादं वर्ष चालेल, त्यापुढे नको. मावा विषाणू पसरवतो आणि आपल्याकडे मावा जवळजवळ वर्षभर असतो. शिवाय फेब्रुवारीत काढलेलं बेणं ऑक्टोबरपर्यंत, मधला उन्हाळा आणि पावसाळा ओलांडून, घरात टिकवणं कठीण.

झाडाला फुलंच आली नाहीत. बटाटे लागले असतील का?

लागले असतील. आपल्याकडच्या लहान दिवसांत कित्येक झाडं फुलतच नाहीत. बाजूची माती हळूच बोटाने उकरून पाहा.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. पुखराज तिथे लावू का?

बेणं सोबत नेऊ नका, वनस्पतींच्या रोगांमुळे अशा आयातीवर कडक निर्बंध असतात. आणि गरजही नाही. तिथे गणित उलटं आहे: दिवस लांब, उन्हाळा सौम्य, भीती उशिराच्या कडाक्याच्या थंडीची. रॉकेट, स्विफ्ट, अॅरन पायलट या तिथल्या सर्वांत लवकरच्या जाती साधारण दहा आठवड्यांत येतात. फेब्रुवारीत उजेडात कोंब आणून मार्चअखेरीला लावा. शार्लट थोडी उशिराची, पण रश्शाला फार छान.

काढायचा कधी, आणि किती मिळेल?

खालची पानं पिवळी पडून झाड कलू लागलं की पाणी तोडा. आठ-दहा दिवसांनी जमिनीलगत पाला कापा आणि आणखी आठ-दहा दिवस बटाटे मातीतच राहू द्या. अंगठ्याने घासून साल सुटली नाही की काढणी. हिरवे झालेले बटाटे खाऊ नयेत, त्यांत सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि ते शिजवून जात नाही.

एक किलो बेण्याला सहा ते आठ किलो बटाटा हे परसबागेत चांगलं उत्पन्न आहे.

काढलेले बटाटे किती दिवस टिकतात?

लवकरच्या जातीचे दोन महिने, फार तर अडीच. धुऊ नका. हवेशीर, अंधाऱ्या जागी टोपलीत किंवा गोणपाटावर पसरून ठेवा. मार्चनंतर खरी पीडा असते ती बटाट्यावरच्या पाकोळीची. ती डोळ्यांत अंडी घालते आणि अळी आत बोगदे करते. शेतकरी झाडाच्या सावलीत बटाट्याची अरण, म्हणजे साठवणीचा ढीग, लावतात तेव्हा वर सुकलेला पाला घालतात. घरीही टोपलीवर घाणेरीचा किंवा कडुनिंबाचा सुकलेला पाला दोन इंच जाड पसरला तर पाकोळी बरीच दूर राहते. पंधरा दिवसांनी एकदा सगळे बटाटे उलटून पाहा आणि डोळ्यांपाशी काळसर भुकटी दिसलेले लगेच वेगळे काढा.